डावा कान

रविवारी सकाळी सात वाजता
अमेरिकेत शनिवारची रात्र असायची
आणि अशोक चौकामागच्या आमच्या खोलीत
बॉक्सिंग.

बापाचे कान मागावर गेलेले.
चोवीस वर्षं खटाक-खट, खटाक-खट,
मग एक दिवस नुसतं खटाक उरलं,
मग तेही नाही.
टीव्हीचा आवाज त्यानं कधी वाढवला नाही,
माझा वाढवला.
डावा कान माझ्याकडे करून म्हणायचा,
'हं, काय म्हणायलेत सांग.'

तिघे असायचे, रिंगच्या कडेला, काळ्या कोटात.
नावं पडद्यावर यायची आणि मी वाचेपर्यंत जायची,
म्हणून आम्हीच ठेवली.
एक मुनीम, त्याच्याकडे ठोशाठोशाचा हिशेब.
एक लाऊडस्पीकर.
आणि नकटा.
नकटा कधीकाळी स्वतः खेळलेला असणार,
नाक बसलेलं, कान सुक्या अंजिरासारखे चुरगळलेले.
बापाचा जीव त्याच्यावर.
'त्याचेबी कान धंद्यातच गेले,' म्हणायचा,
'हा खोटं नाही बोलणार.'

माझं इंग्रजी सहावीचं.
लेफ्ट, राइट, व्हेरी गुड, एवढं कळायचं,
उरलेलं मी विणायचे.
लाऊडस्पीकर तापला की ओरडायचे,
'म्हणतोय, काय बे, जेवून नाही आलास का!'
मुनीम बोटं मोजायला लागला की
'म्हणतोय, उधारी लई झाली, आता वसुली.'
नकटा बोलायचाच कमी.
तो गप्प बसला की बाप माझ्याकडे बघायचा,
मग मी त्याच्या तोंडी काहीही घालायचे:
'म्हणतोय, निळ्या चड्डीवाल्याचे गुडघे बघा,
त्याला घरची आठवण आली.'
'बरोबर,' बाप मान हलवायचा. 'मी म्हटलं नव्हतं?'

आई विड्या वळता वळता तेलुगूत म्हणायची,
हळू ओरड, माझा हजाराचा आकडा चुकतोय,
गल्लीला कळतंय कोण हरतंय ते.
गल्लीला खरंच कळायचं.
खालचा कय्यूम चाचा जिन्यातून विचारायचा,
'पोट्टी, नकटा क्या बोला?'

फेरी संपली की बाप उठून टीव्हीला नाक लावायचा.
तिकडे स्टुलावर घाम पुसणं चाललेलं,
आणि हा टॉवेलची किनार तपासतोय.
'टेरी आहे. दुहेरी पिळाचं सूत. आपल्याकडचा असंल काय?'
तिघांतला एकही कधी टॉवेलवर बोलला नाही.
मी बोलायचे त्यांच्या वतीनं:
'म्हणतोय, माल सोलापूरचा.'
बाप हसायचा. एवढं खोटं त्याला चालायचं.

एका रविवारी, नवव्या फेरीत,
पांढरं काहीतरी उडत आलं
आणि दोराला अडकून अर्धं आत लोंबलं.
लाऊडस्पीकर गप्प. मुनीमानं पेन ठेवलं.
नकट्याचे ओठ हलले, एकदाच.
मी तोंड उघडायच्या आत बाप म्हणाला,
'टॉवेल. टॉवेल म्हणाला तो.'
तेच म्हणाला होता.
बाप तसाच उभा राहिला, जाहिराती लागल्या तरी.
'एवढा चांगला माल,' म्हणाला,
'आणि कुणी उचलंना.'

आता मला इंग्रजी येतं, पुण्यात त्याचाच पगार घेते.
ती लढत फोनवर सापडली, एका रात्री बघितली.
लाऊडस्पीकर दोन फेऱ्या हॉटेलच्या नाश्त्याबद्दल बोलतोय.
मुनीमाची बेरीज चुकलेली.
नकटा सहाव्या फेरीत एवढंच म्हणतो,
पोराच्या पायात आता पाय नाहीत.
माझ्यापेक्षा बरं म्हणाला.

बापाला कानाचं मशीन घेऊन दिलंय, अकरा हजारांचं.
डब्यात असतं.
मी घरी असले की रविवारी डावा कान पुढे येतो.
नकटा हल्ली दिसत नाही, त्याच्या खुर्चीत
कुणी नवा बसतो, गुळगुळीत, दोन्ही कान शाबूत,
श्वास न घेता बोलणारा.
बाप त्याच्याकडे बघत राहतो. मग विचारतो,
'हा काय म्हणायलाय?'
मी ओरडते,
'काही नाही!'